‘उना फामिलिया दे तांतास’मधील वडील खलनायक आहेत का?

प्रश्न (चित्ररसिक): आलेहांद्रो गालिंदो यांचा १९४९ चा हा मेक्सिकन चित्रपट नुकताच पाहिला. मेक्सिको शहरातील कातान्यो कुटुंबाचे प्रमुख रॉद्रिगो यांच्या धाकात सारे घर वावरते. थोरली एस्तेला प्रियकरासोबत दिसताच ते तिला बेदम मारतात आणि ती घर सोडून जाते. तरीही शेवटी एस्तेलाची धाकटी बहीण मारू वधूवेशात घराबाहेर पडते, तेव्हा मला कणव आली ती रॉद्रिगो यांचीच. दिग्दर्शकाला हेच अपेक्षित असेल का?

प्रतिसाद (पडदा): असावे, कारण हा माणूस ढोंगी नाही. एका तरुणीला दिवस गेल्यावर ते स्वतःच्या मुलालाही, एक्तोरलाही, तिच्याशी लग्न करायला भाग पाडतात. त्यांचा काळ मात्र केव्हाच सरला आहे. १९११ मध्ये सत्ता सोडावी लागलेल्या मेक्सिकन हुकूमशहा पोर्फिरिओ दियास यांची तसबीर या घरात अजून मानाने टांगलेली आहे, आणि त्याच घरात रोबेर्तो नावाचा तरुण धूळ ओढणारे यंत्र विकायला येतो! (पुढे तो शीतकपाटही आणतो, मारूवरच्या प्रेमाबरोबर विक्रीही चालूच.)

प्रतिसाद (मीनाक्षी): कणव मान्य, पण दोष त्यांच्याच पदरी जातो. मारू एस्तेलासारखी पळून जात नाही. पंधरावा वाढदिवस नुकताच साजरा झालेली ही मुलगी वडिलांनी पसंत केलेल्या तरुणाला नाकारते, रोबेर्तोशी लग्न करणार असल्याचे उघडपणे सांगते आणि आईचा निरोप घेऊन दारातूनच बाहेर पडते. मुलगी म्हणून जे करायला हवे ते तिने केले. मुलीच्या लग्नाला उभे राहण्याचे वडिलांचे कर्तव्य मात्र, आयुष्यभर इतरांना कर्तव्य शिकवणाऱ्या या गृहस्थांनीच टाळले. माझ्या मते आई दोन्या ग्रासियाही तितक्याच जबाबदार आहेत, कारण एस्तेलाच्या वेळी त्या गप्प राहिल्या.

प्रतिसाद (जुना प्रेक्षक): यासोबत हुआन बुस्तिय्यो ओरो यांचा १९४१ चा ‘क्वांदो लोस इहोस से वान’ जरूर पाहावा. तिथेही वडील म्हणजे रॉद्रिगो साकारणारे फर्नांदो सोलेरच आहेत आणि आई सारा गार्सिया. त्या चित्रपटाला मुलांचे घराबाहेर पडणे ही शोकांतिका वाटते. गालिंदो यांनी आठच वर्षांनी, त्याच नटाला घेऊन, ते आवश्यक ठरवले.

चित्ररसिक: नट तोच असल्याने माझी सहानुभूती आधीपासूनच वडिलांकडे झुकली असणार. दोन्या ग्रासियांविषयी मात्र मी सहमत नाही. त्या घरात बोलण्याची मुभा त्यांना होतीच कुठे?