बौद्ध घरात वाढलो, पुढे श्रद्धेचं काय झालं? (अनुभव)

जयभीम! १४ ऑक्टोबर १९५६ला आणि त्यानंतर आपल्या आजी-आजोबांनी धम्म विचार करून स्वीकारला. आपल्याला तो जन्मानं मिळाला. जयंतीबद्दल आपण भरभरून बोलतो, पण श्रद्धा वयाबरोबर कशी बदलत गेली हे सहसा कुणी सांगत नाही. ते इथे मोकळेपणानं लिहा.

सुरुवात मी करते. आमच्या वस्तीत वर्षावासात, आषाढी ते आश्विनी पौर्णिमा, रोज रात्री विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जायचा. शेजारच्या काकू ओळीवर बोट ठेवून वाचायच्या. जोडाक्षर अडलं की ते सोडवून अख्खं वाक्य पुन्हा पहिल्यापासून. आम्हा पोरांचं लक्ष शेवटच्या दिवसाच्या खिरीवर. पुढे मी पाटबंधारे खात्यात लागले. कालव्याच्या टोकाला पाणी पोचेना म्हणून दोन गावं काठ्या घेऊन समोरासमोर आलेली पाहिली, आणि रोहिणी नदी आठवली. म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, हे बाबासाहेबांना पटलं नव्हतं. त्यांच्या ग्रंथात शाक्य आणि कोलीय रोहिणीच्या पाण्यावरून लढायला निघतात, सिद्धार्थ युद्धाला विरोध करतो, शाक्यांच्या संघात, म्हणजे त्यांच्या सभेत, बहुमत विरुद्ध जातं आणि तो देशत्याग पत्करतो. लहानपणी बुद्ध म्हणजे डोळे मिटलेली मूर्ती होती. आता मला भरल्या सभेत एकटा उभा राहून नकार देणारा तरुण दिसतो. माझी श्रद्धा त्याच्यावर आहे.

नांदेडहून:
अनुसूचित जातींच्या केंद्राच्या सवलती १९९०पर्यंत बौद्धांना नव्हत्या. त्यामुळे दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दाखल्यावर 'हिंदू महार' आणि घरात भिंतीवर बुद्ध-बाबासाहेब. त्या दाखल्यावर त्यांना नोकरी लागली, आम्ही भावंडं शिकलो. कॉलेजात असताना मला ही तडजोड सहन व्हायची नाही. २०११च्या जनगणनेला प्रगणक आला, तेव्हा दादा खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिलेलं स्वतः वाचलं आणि मगच आईला चहा ठेवायला सांगितलं. त्यांची श्रद्धा माझ्यापेक्षा कितीतरी पक्की होती, हे मला त्या दिवशी कळलं.

पुण्याहून:
बाबा गेल्यावर माझी झोप उडाली होती. इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं, तिथल्या मौनात ती परत आली. मोठा भाऊ चिडला, "डोळे मिटून बसायला बाबासाहेबांनी दीक्षा दिली का?" त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. वस्तीवर अन्याय होत असताना नुसता श्वास बघत बसणं धम्मात बसत नाही. पण दुःख आतूनही पोखरतं, आणि त्यावरचं औषध बुद्धांनीच दिलंय. पौर्णिमेला आम्ही दोघं सोबत वंदना घेतो. वाद चालूच आहे.

साताऱ्याहून:
आजीनं देव्हाऱ्यातले टाक कृष्णेत सोडले. तरी पोर तापलं की ती मीठ-मोहऱ्या ओवाळायचीच. आईनं तेही बंद केलं. मी पुनर्जन्मही तपासून बघतेय. ऐकीव आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतात म्हणून मानू नका, असं बुद्धांनी कालाम नावाच्या लोकांना सांगितलं होतंच. आमच्या विहारातल्या भंतेंना मी प्रश्न लिहून दिलेत, पुढच्या पौर्णिमेला वंदनेनंतर बसून बोलायचं ठरलंय. आई पण येणार आहे, तिचेही दोन प्रश्न आहेत.