पत्ताच नसेल तर मेल दारातच नाकारावा, की आत घेऊन परत पाठवावा?

मांजराकाठ, लातूर:
शिकवणी वर्गांचा मेल सर्व्हर सांभाळतो. प्रवेशाच्या दिवसांत पालक घाईत पत्ता टाकतात आणि एखादं अक्षर हमखास चुकतं. माझं मत ठाम आहे: आपल्याकडे नसलेल्या पत्त्याचा मेल आत घेऊच नये. मेल कुणाला द्यायचा ते सांगणारी 'आरसीपीटी टू'ची ओळ आली की आपल्या पत्त्यांची यादी बघायची आणि तिथल्या तिथे ५५० (नकाराचा कोड) द्यायचा. पालकाला कळवायचं काम मग त्याच्याच सर्व्हरचं. आधी २५० (होकाराचा कोड) म्हणून मेल घेतला आणि मागाहून बाउन्स, म्हणजे 'मेल पोचला नाही' असा परतीचा मेल, पाठवला, तर स्पॅमवाल्याने ज्याचा पत्ता चोरून वापरला त्या बिचाऱ्याच्या इनबॉक्सात आपले बाउन्स पडतात. अशा भलत्यालाच जाणाऱ्या बाउन्सपायी (बॅकस्कॅटर) आपल्याच सर्व्हरचा आयपी पत्ता स्पॅम अडवणाऱ्यांच्या काळ्या यादीत जातो.

गोदाकाठ, नांदेड:
मला नाही पटत. दारात नाकारलं की एकेक नाव टाकून खरे पत्ते कोणते ते स्पॅमवाला हुडकतो. शिवाय आमच्या बॅकअप एमएक्सकडे (मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणाऱ्या सर्व्हरकडे) यादीच नाही, तो नाकारणार कशाच्या जोरावर? त्यापेक्षा कॉलआउट बरा. पाठवणाऱ्याच्या सर्व्हरलाच उलट विचारायचं, हा पत्ता तुमच्याकडे आहे का? एक्झिम या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे, पोस्टफिक्समध्येही. आमच्याकडचा कचरा बराच कमी झाला.

जालनेकर:
काहीही करा, पण रिकाम्या प्रेषकाचे (पाठवणाऱ्याचा पत्ता कोरा असलेले) मेल सरसकट अडवू नका. खरे बाउन्स तसेच येतात. इथल्या एका पतसंस्थेने ते अडवले होते. खातेदारांना पाठवलेली पत्रं पोचली नाहीत, हे कुणाला कळलंच नाही.

मांजराकाठ:
गोदाकाठ भाऊ, विचारायचंच तर बॅकअपने आपल्याच मुख्य सर्व्हरला विचारावं, परक्याला का त्रास? पत्ते हुडकणाऱ्याचं म्हणाल, तर पोस्टफिक्स मुळातच २० चुकांनंतर जोडणी तोडतो. वारंवार कॉलआउट केले तर काही जण तुम्हाला काळ्या यादीत टाकतील, असा इशारा पोस्टफिक्सच्याच माहितीपत्रकात आहे. आणि कॉलआउटने कळतं काय? पत्ता आहे एवढंच. चोरलेला पत्ताही खराच असतो की! मेल त्याच डोमेनचा आहे का, हे एसपीएफ (डोमेनने मान्य केलेल्या सर्व्हरांची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्कने (या दोन्हींत नापास मेलचं काय करायचं तो डोमेनचा नियम) तपासा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने आपल्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे केलेत.

गोदाकाठ:
बॅकअपचं पटलं, आज लावतो. पण एसपीएफवर एकट्याने विसंबू नका. कॉलेजच्या पत्त्यावरून फॉरवर्ड झालेला मेल तिथेच नापास होतो, डीकेआयएमची सही शाबूत असेल तरच वाचतो. आणि आपल्याकडच्या लहान संस्थांच्या कित्येक डोमेनवर यातलं एकही नाही. त्यांच्यापुरता मी कॉलआउट ठेवणारच.