मदत हवी आहे : नोकरी नसलेल्या विद्यार्थ्याला कर विवरणपत्र भरावे लागते का?

निळीवाट (१८ मे २०२५)

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी एम.एस. करण्यासाठी इथे आलो. मी कोठेही नोकरी करत नाही, अगदी विद्यापीठाच्या आवारातही नाही. माझा सर्व खर्च शैक्षणिक कर्जातून आणि वडिलांनी पाठवलेल्या पैशांतून चालतो. असे असताना विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून दुसऱ्यांदा ई-मेल आला आहे, की उत्पन्न असो वा नसो, प्रत्येक विद्यार्थ्याने कर विभागाचा अर्ज भरणे बंधनकारक आहे. कार्यालयात जाऊन विचारले, तर करविषयक सल्ला देण्याची आम्हाला परवानगी नाही, एवढेच उत्तर मिळाले.

माझ्याकडे इथला करक्रमांक नाही आणि मोफत संकेतस्थळे त्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. बरोबरचे काही जण म्हणतात की काहीही भरण्याची गरज नाही, काही जण म्हणतात की एप्रिलमध्येच मुदत संपली. दोन आठवड्यांनी मी सुटीसाठी पुण्याला येणार आहे आणि त्याआधी हा विषय मला संपवायचा आहे. भरायचे की नाही, आणि भरायचे असल्यास काय, एवढे कृपया नेमके सांगावे.

मेपलपान

नक्की भरावे, आणि ते तुमच्याच फायद्याचे आहे. उत्पन्न शून्य असले तरी विवरणपत्र भरल्याशिवाय जीएसटी/एचएसटी क्रेडिट (कमी उत्पन्न असलेल्यांना सरकारकडून मिळणारी रक्कम) मिळत नाही, आणि भरलेल्या फीबद्दलची करसवलत पुढच्या वर्षांसाठी राखून ठेवता येते, जी नोकरी लागल्यावर उपयोगी पडते. मुदत ३० एप्रिलची होती. परंतु तुम्हाला कर देणे नसल्यामुळे उशिराचा दंड लागणार नाही.

कोकणकडा

मेपलपान, आपण कॅनडातील नियम सांगत आहात. धागाकर्त्यांनी देशाचे नावच लिहिलेले नाही. निळीवाट, आपण कोणत्या देशात, कोणत्या व्हिसावर आहात, हे कळल्याशिवाय कोणाचेही उत्तर उपयोगाचे ठरणार नाही.

निळीवाट

अमेरिका, टेक्सास, एफ-१. एम.एस. म्हटल्यावर ते लक्षात येईल असे वाटले होते.

कोकणकडा

मग उत्तर स्पष्ट आहे. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे करासाठी अनिवासी धरला जातो, कारण त्याचे अमेरिकेतील दिवस निवास मोजताना वगळले जातात. हे दिवस आपण वगळत आहोत असे आयआरएसला (अमेरिकेच्या कर विभागाला) कळवणारे निवेदन म्हणजे फॉर्म ८८४३. ते विवरणपत्र नाही, त्यात उत्पन्नाचा रकाना नाही, आणि त्यासाठी एसएसएन (सामाजिक सुरक्षा क्रमांक) किंवा आयटीआयएन (एसएसएन न मिळणाऱ्यांसाठीचा करक्रमांक) असण्याचीही आवश्यकता नाही. क्रमांक नसल्यास ती जागा कोरी ठेवावी. आपण २०२४ मध्ये आलात, त्यामुळे ऑगस्टपासूनचे थोडे महिनेही पूर्ण वर्ष म्हणून मोजले जातील आणि २०२८ हे आपले पाचवे वर्ष असेल.

मुदतही गेलेली नाही. ज्याला विवरणपत्र भरावे लागत नाही, त्याच्यासाठी ८८४३ ची मुदत १५ जून असते. यंदा त्या दिवशी रविवार असल्यामुळे ती सोमवार, १६ जून आहे. हा फॉर्म एकटा ऑनलाइन पाठवता येत नाही. सही करून टपालाने ऑस्टिन येथील आयआरएस केंद्राला पाठवावा लागतो.

रानवारा

मी चार वर्षांपूर्वी तिथे शिकत होतो आणि दोन वर्षे हा फॉर्म पाठवला नव्हता. पुढे नोकरी मिळाली, एच-१बी झाला, कोणीही कधी विचारले नाही. उत्पन्न नाही, तर कर नाही, आणि कर नाही तर कागदही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उगाच मुलाला घाबरवू नये.

कोकणकडा

कोणी विचारले नाही म्हणजे भरण्याची गरज नव्हती, असा अर्थ होत नाही. शून्य उत्पन्नाच्या विद्यार्थ्यासाठी या फॉर्मला वेगळा पैशांचा दंड सांगितलेला नाही, एवढे आपले म्हणणे मान्य आहे. परंतु पुढे कधी निवासी की अनिवासी असा प्रश्न उभा राहिला, तर वेळेवर पाठवलेले निवेदन हाच आपल्या बाजूचा कागद असतो, आणि तो तयार करायला अर्धा तास पुरतो. नवख्या विद्यार्थ्याला तो टाळण्याचा सल्ला देऊ नये, ही विनंती.

डल्लासकर

मी सांगतो तो मार्ग अधिक सोपा आहे. माझ्या खोलीतील मित्राने लोकप्रिय सॉफ्टवेअरवर साधा १०४० (प्राप्तिकर विवरणपत्राचा फॉर्म) भरला आणि फीच्या आधारे त्याला एक हजार डॉलरचा परतावाही मिळाला. तुम्हीही प्रयत्न करून पाहावा.

तुळशीवृंदावन

हा प्रयत्न कृपया करू नये. मी माझ्या विद्यापीठात तीन हंगाम स्वयंसेवक म्हणून परदेशी विद्यार्थ्यांना कर भरण्यास मदत केली आहे आणि सर्वांत जास्त वेळ याच प्रकारची प्रकरणे सरळ करण्यात जात असे. साधा १०४० हा रहिवाशांसाठी आहे. अनिवासी विद्यार्थ्याने तो भरला, तर तो स्वतःविषयी चुकीचे निवेदन करतो. आणि फीवर मिळणारी ती शैक्षणिक करसवलत अनिवासी व्यक्तीला घेताच येत नाही. आपल्या मित्राला सांगावे, की त्यांनी १०४०-एक्स भरून दुरुस्ती करावी आणि मिळालेली रक्कम परत करावी. आयआरएसने शोधण्याआधी स्वतःहून केलेली दुरुस्ती केव्हाही बरी.

निळीवाट यांना मात्र माझे वेगळेच प्रश्न आहेत. नोकरी नाही, हे आपण सांगितले. उत्पन्न नाही, हे अजून सिद्ध व्हायचे आहे. विद्यापीठाकडून शिष्यवृत्ती मिळाली आहे का? शेअर घेतले-विकले आहेत का? बँकेने खाते उघडल्याबद्दल बक्षीस दिले आहे का? मार्चच्या सुमारास १०४२-एस नावाचा कागद (परदेशी व्यक्तीचे उत्पन्न आणि करकपात यांचा दाखला) आला आहे का? पत्नी बरोबर आहे का?

सह्यवाट

वडील पैसे पाठवतात म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. २०२४-२५ मध्ये शिक्षणासाठी सात लाखांपेक्षा जास्त रक्कम पाठवली असेल, तर वरच्या रकमेवर बँकेने पाच टक्के टीसीएस (आगाऊ गोळा केला जाणारा कर) कापला असेल. कर्जाच्या रकमेवर त्या वर्षी तो अर्धा टक्का होता. ज्याच्या पॅनवर तो जमा आहे, त्याने तो आपल्या विवरणपत्रात वळता करून घ्यावा. १ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा दहा लाख झाली आहे.

निळीवाट

सह्यवाट, वडिलांच्या कराबद्दल मी विचारलेले नाही. ते त्यांचे सीए पाहतात.

तुळशीवृंदावन, शेअर नाहीत, लग्न झालेले नाही. बचत खात्यावर वर्षभरात जेमतेम चार डॉलर व्याज मिळाले. शिष्यवृत्ती पाच हजार डॉलरची आहे. परंतु ती माझ्या हातात आलीच नाही. तीन हजार फीमधून आणि दोन हजार वसतिगृहाच्या बिलातून वजा झाले. १०४२-एस हा कागद पोर्टलवर दिसतो आहे. त्यात दोन हजारांचा आकडा आणि २८० डॉलर करकपात लिहिलेली आहे. हे उत्पन्न कसे?

तुळशीवृंदावन

आता सर्व उलगडा झाला, आणि फक्त ८८४३ पाठवून थांबण्याचा सल्ला आपल्याला लागू होत नाही.

पदवीसाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीतील फी आणि अभ्यासक्रमासाठी अनिवार्य पुस्तके यांवरील भाग करमुक्त असतो. राहणे आणि जेवण यांसाठीचा भाग करपात्र असतो, मग तो हातात पडो किंवा परस्पर बिलातून वजा होवो. म्हणूनच विद्यापीठाने पाच हजारांऐवजी दोनच हजार दाखवले आणि त्यांवर एफ-१ विद्यार्थ्यांसाठीच्या १४ टक्के दराने २८० डॉलर कापून आयआरएसकडे भरले. चार डॉलर व्याजाची काळजी सोडावी. बँकेतील ठेवींवरील असे व्याज अनिवासी व्यक्तीला करपात्र नाही.

आपल्याला १०४०-एनआर (अनिवासींसाठीचे विवरणपत्र) भरावा लागेल आणि ८८४३ त्यालाच जोडावा लागेल. यात आपले नुकसान नाही. भारत आणि अमेरिका यांच्यातील १९८९ च्या कराराच्या कलम २१(२) नुसार भारतीय विद्यार्थ्याला रहिवाशांप्रमाणे स्टँडर्ड डिडक्शन घेता येते, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. २०२४ साठी अविवाहित व्यक्तीला ते १४,६०० डॉलर आहे, म्हणजे आपले करपात्र उत्पन्न शून्यावर येते आणि कापलेले २८० डॉलर पूर्ण परत मागता येतात. करकपात होणारा पगार नसल्यामुळे या विवरणपत्राची मुदतही १६ जूनच आहे. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे दुसरे विवरणपत्र नाही.

कोकणकडा

शिष्यवृत्तीचा उल्लेख पहिल्या लेखनात नव्हता, म्हणून मी फक्त ८८४३ सांगितला होता. तुळशीवृंदावन यांचे म्हणणे पूर्णपणे योग्य आहे. एक भर घालतो : आता क्रमांक लागेल. नोकरी नसल्यामुळे एसएसएन मिळणार नाही, तेव्हा डब्ल्यू-७ अर्ज भरून आयटीआयएन मागावा लागेल, आणि तो अर्ज विवरणपत्राबरोबरच, आयटीआयएनच्या वेगळ्या पत्त्यावर जातो. त्यासोबत मूळ पासपोर्ट पाठवावा.

निळीवाट

मूळ पासपोर्ट टपालाने पाठवला, तर दोन आठवड्यांनी मी विमानात कसा बसणार?

तुळशीवृंदावन

पासपोर्ट अजिबात पाठवू नये. आयआरएसने नेमलेले प्रमाणन करणारे स्वीकृती प्रतिनिधी असतात; अनेक विद्यापीठांत हेच काम पाहणारा कर्मचारी असतो. तो मूळ पासपोर्ट समोर तपासून परत देतो आणि अर्जासोबत आपले प्रमाणपत्र जोडतो. उद्या कार्यालयात जाऊन कर भरायचा का, हा प्रश्न विचारूच नये; आयटीआयएनसाठी पासपोर्ट प्रमाणित करून देणारी व्यक्ती कोण आहे, एवढेच विचारावे. याचे उत्तर त्यांना देता येते. आपल्या विद्यापीठात अशी व्यक्ती नसल्यास आयआरएसच्या संकेतस्थळावर राज्यानुसार यादी आहे.

रानवारा

२८० डॉलरसाठी एवढी धावपळ करण्यापेक्षा ते सोडून द्यावेत, असे मला अजूनही वाटते.

तुळशीवृंदावन

रानवारा, परतावा सोडून देणे हा त्यांचा अधिकार आहे. करपात्र शिष्यवृत्ती मिळूनही विवरणपत्र न भरणे हा अधिकार नाही. शिवाय आयटीआयएन एकदा मिळाला, की पुढच्या वर्षीची शिष्यवृत्तीही सोपी होते. आवारात काम मिळून एसएसएन आला, तर तो आयआरएसला कळवून आयटीआयएन वापरणे थांबवावे.

सह्यवाट

भारताचा विषय मी अस्थानी काढला, असे निळीवाट यांना वाटले, तरी एक मुद्दा त्यांच्या स्वतःच्या विवरणपत्राचा आहे. ते ऑगस्टपर्यंत भारतात होते, म्हणजे २०२४-२५ मध्ये साठ दिवसांहून अधिक, आणि त्याआधीची वर्षे तर भारतातच गेली. साठऐवजी १८२ दिवस धरण्याची सवलत नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या नागरिकाला आहे. शिक्षणासाठी गेलेल्याला ती धरून चालता येत नाही. त्यामुळे त्या वर्षापुरते ते भारताचे रहिवासी ठरण्याचीच शक्यता अधिक आहे. रहिवाशाचे परदेशात बँक खाते असेल, तर उत्पन्न मर्यादेखाली असले तरी विवरणपत्र भरून शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) ते खाते दाखवावे लागते. आकडे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंतच्या कॅलेंडर वर्षाचे लागतात. वडिलांच्या सीएंना हा एक प्रश्न जरूर विचारावा.

निळीवाट

हा मुद्दा मला ठाऊक नव्हता. सीएंना आजच लिहितो.

विद्यापीठात प्रमाणित करून देणारी व्यक्ती आहे आणि गुरुवारची वेळ मिळाली आहे. १०४०-एनआर, ८८४३, १०४२-एसची प्रत आणि डब्ल्यू-७ एकाच पाकिटात, असेच ना? ८८४३ वर वेगळी सही लागते का?

तुळशीवृंदावन

होय, एकाच पाकिटात. ८८४३ विवरणपत्राला जोडलेला असेल, तेव्हा त्यावर वेगळी सही लागत नाही. १०४०-एनआर आणि डब्ल्यू-७ या दोन्हींवर सही हवी. ८८४३ मध्ये पहिला आणि तिसरा भाग भरावा, दुसरा भाग अध्यापक आणि प्रशिक्षणार्थींचा आहे. प्रवेशाची तारीख आय-९४ (अमेरिकेतील प्रवेशाची सरकारी नोंद) वरून घ्यावी. २०२२ आणि २०२३ च्या दिवसांपुढे शून्य लिहावे, मात्र त्याआधी कधी पर्यटक म्हणूनही अमेरिकेत आला नव्हतात ना, हे सांगावे. पाकीट बंद करण्यापूर्वी प्रत्येक पानाची प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि टपालाची पावती त्या प्रतीलाच टाचावी.

निळीवाट

पर्यटक म्हणून कधीच आलो नव्हतो. गुरुवारनंतर पाकीट पाठवून इथे कळवतो.