त्र्यंबकची दरी आणि सिस्सूची दरी सारखीच दिसते, मग आपल्याकडेही हिमनदी होती का?

गंगापूररोडकर
जूनमध्ये मनालीहून अटल बोगद्यातून लाहौलला गेलो. सिस्सूला चंद्रा नदीची दरी बघून थक्क झालो. तळ रुंद आणि सपाट, दोन्ही बाजूंच्या भिंती उभ्या, आणि समोर वरच्या वर अधांतरी पडणारा धबधबा. हे सगळं हिमनदीने कोरलंय, असं ड्रायव्हरने सांगितलं. परवा अंजनेरीवरून त्र्यंबककडे पाहिलं तर तसेच उभे कडे आणि खाली सपाट भातखाचरं! मुलगी सातवीत आहे, तिला चुकीचं सांगायचं नाही.

द्राक्षबागवाला
हिमयुगात सगळीकडेच बर्फ होतं ना? मग इथेही असणार.

पंचवटीतला भूगोलमास्तर
नाही हो. शेवटचं हिमयुग २० हजार वर्षांपूर्वी ऐन भरात होतं, तेव्हाही सह्याद्रीवर हिमनदी नव्हती. आपलं कळसूबाई १६४६ मीटरचं आणि तेही उष्ण कटिबंधात. बर्फ साचून वाहायला लागेल एवढी थंडी इथे नव्हतीच.

बर्फ स्वतः मऊ. कोरतात ते त्याच्या बुडाला गोठलेले दगड, काचकागदावरच्या वाळूसारखे. शिवाय बुडाशी वितळलेलं पाणी खडकाच्या भेगांत शिरून पुन्हा गोठतं आणि पुढे सरकताना अख्खे चिरे उपटून नेतं. नदी फक्त तळाशी कापते, म्हणून डोंगरात तिची दरी ‘व्ही’सारखी होते. हिमनदी दरीभर भरलेली असते, ती तळ आणि बाजू दोन्ही खरवडते, म्हणून ‘यू’. मोठी हिमनदी खोल खणते, बाजूची लहान तेवढं खणू शकत नाही. बर्फ गेलं की लहानीचा तळ उंचावरच राहतो. तुमचा अधांतरी धबधबा अशाच लोंबत्या दरीतून पडतो.

त्र्यंबकची गोष्ट वेगळी. ब्रह्मगिरीकडे संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघा, आडव्या रेघा स्पष्ट दिसतात. एकेक रेघ म्हणजे लाव्ह्याचा एकेक थर, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. कठीण थर कडा होऊन उभा राहतो, त्याखालचा सच्छिद्र थर पावसाने झिजतो, आधार गेला की वरचा तुटून पडतो. असा कडा मागे मागे सरकतो आणि दरी रुंदावते. हे सगळं काम पावसाळ्याचं.

गंगापूररोडकर
सर, फार छान! मग नुसत्या आकारावर जायचं नाही, तर खूण कुठली बघायची?

पंचवटीतला भूगोलमास्तर
दगड बघायचे. गोदावरीचे गोटे गोल आणि गुळगुळीत. हिमनदी मात्र पिठासारख्या भुकटीपासून घराएवढ्या धोंड्यापर्यंत सगळं एकत्र, न निवडता टाकून जाते, त्याला हिमोढ म्हणतात. चंद्रेचं पाणी राखाडी होतं ना? ती हीच दळलेली भुकटी. तिसरी खूण म्हणजे तासलेल्या खडकावरचे एकाच दिशेचे समांतर ओरखडे. बोट फिरवलं की हाताला लागतात.

आणि हे ओरखडे बघायला लाहौलच गाठायला हवं असं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेकाठी इरई गावाजवळ चुनखडकावर ते आहेत. पण ते या हिमयुगाचे नव्हेत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारत दक्षिण ध्रुवाच्या जवळ होता, तेव्हाच्या बर्फाचे. ब्रह्मगिरीचा लाव्हा त्याच्यापुढे अगदी अलीकडचा.

गंगापूररोडकर
इरई! विदर्भात बहीण दिलीय, दिवाळीत तिच्याकडे जाणारच आहोत. मुलीला त्या खडकावर हात ठेवायला लावतो.