पावसातलं झेंडावंदन

गेल्या १५ ऑगस्टला एका गल्लीत झेंडा अर्ध्यावरच अडकला. बेळगाव-खानापूरकडे त्या दिवसांत पाऊस धरूनच चाला. सुती दोरी भिजली की फुगते आणि कप्पीत रुतते. नायलॉनची घ्या, कप्पीला आदल्या दिवशी ग्रीस लावा, रिकामी दोरी दोनदा वरखाली ओढून बघा. झेंड्याच्या घडीला सरकगाठच, म्हणजे ओढताच सुटणारी गाठ हवी. पाकळ्या मूठभर पुरेत, त्याही कोरड्या. ओल्या आतच चिकटतात. केशरी पट्टा वर आहे ना, हे दोघांनी तपासावं. संध्याकाळी ओला झेंडा घडी करून कपाटात टाकू नका, खादीवर बुरशीचे काळे ठिपके पडतात.

दुसऱ्या दिवशीच्या सफाईत कागदी झेंड्यांना वेगळी पिशवी ठेवा. फाटलेले एकांतात, मान राखून जाळायचे. प्लास्टिकचे मुळात आणूच नका.