चर्चा: स्क्वॉटचा आकडा वाढला म्हणजे खेळाडू तयार झाला?

शनिवारचा_प्रेक्षक: उन्हाळा आला की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉल टीम्सचे (हेल्मेटवाला फुटबॉल, मेस्सीचा नव्हे) जिममधले व्हिडिओ सुरू. पठ्ठ्या २७० किलोचा स्क्वॉट (खांद्यावर वजनाचा बार घेऊन उठबस) मारतोय, बार वाकलाय, मागे अख्खी टीम बोंबलतेय. परवा असाच एक थांबवून थांबवून पाहिला. मांडी जमिनीला समांतर आलीच नाही! मार्चमध्ये पूर्ण बसून २३०, जुलैत अर्धवट बसून २७०. कसली डोंबलाची प्रगती? या खेळात एक डाव पाच-सहा सेकंदांचा, मग जराशी उसंत, मग पुढचा. असे साठ-सत्तर. विसाव्या डावातला जोर साठाव्यात उरतो का, एवढं बघा.

लोखंडेभाऊ: अर्धवट बसू दिलं हा कोचचा गाढवपणा, त्यात आकड्याचा काय दोष? नेब्रास्का विद्यापीठाने १९६९ मध्ये बॉइड एप्लींना स्ट्रेंथ कोच (ताकद वाढवून घेणारा कोच) म्हणून घेतलं. वजनं, उडी, धाव, सगळं मोजायची शिस्त त्यांनी लावली. १९७० आणि १९७१, दोन्ही वर्षी राष्ट्रीय विजेतेपद. 'जोर उरला का' हे कोण ठरवणार? जो कोचचा लाडका, त्याचा उरला!

शनिवारचा_प्रेक्षक: एप्लींचं नाव काढलंत ते बरं झालं. हेड कोच डेव्हनींनी त्यांना बजावलं होतं, एकही पोरगा हळू झाला तर तुझी नोकरी गेली. म्हणजे कसोटी वेगाचीच की!

अंगठाबहाद्दर: वेगाचंही फार कौतुक नको. शिकत असताना एका टीमला मदत करायचो, ४० यार्डांच्या धावेला स्टॉपवॉच माझ्याकडे. पोरगा हललेला दिसला की अंगठा दाबायचा, तोवर तो निघालेला. हाताचं घड्याळ इलेक्ट्रॉनिकपेक्षा साधारण ०.२ सेकंद कमी दाखवतं. आधीची चाचणी इलेक्ट्रॉनिकवर, ४.८. नंतरची माझ्या अंगठ्यावर, ४.६. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

शनिवारचा_प्रेक्षक: आणि दमसासाच्या चाचण्या? २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या जॉर्डन मॅकनेअर या खेळाडूला ११० यार्डांच्या धावा मारताना उष्माघात झाला, दोन आठवड्यांनी तो गेला. वय १९. लाइनमन (समोरच्याला जागीच रेटून अडवणारा) होता हो, सामन्यात एका दमात ११० यार्ड धावतो कधी लाइनमन?

लोखंडेभाऊ: त्यावर वाद नाही. पण पहिल्या वर्षाचा पोरगा सहा महिन्यांत ३० किलो जास्त उचलतो, ते मोजायचंच नाही?

शनिवारचा_प्रेक्षक: १८ वर्षांचा पोरगा मेसमध्ये चार वेळा जेवला तरी वाढतो. चौथ्या वर्षाच्याला तेच वजन द्या आणि बार किती वेगाने वर जातो ते यंत्रावर बघा.

लोखंडेभाऊ: म्हणजे फिरून आकडाच ना!