भाचा अमेरिकेत शोधमोहिमेच्या विमानात मागे बसतो, चाकात काही बिघाड आहे हे त्याला कसं कळणार?

ऐरोलीकर_मामा
नमस्कार मंडळी. माझा भाचा कोलोरॅडोला असतो, नोकरी सांभाळून तिथल्या सिव्हिल एअर पेट्रोलमध्ये व्हॉलंटियर म्हणून जातो. कोणी डोंगरात हरवलं, एखादं छोटं विमान बेपत्ता झालं की हे लोक सेसना कंपनीचं छोटं विमान घेऊन शोधायला निघतात. तो पायलट नाही, स्कॅनर आहे, म्हणजे मागच्या सीटवरून खिडकीतून खाली बघत राहायचं. मध्यंतरी उतरताना एका बाजूचा टायर बसलेला निघाला आणि विमान त्या बाजूला ओढलं गेलं, कोणाला काही लागलं नाही, पण ताईची तेव्हापासून झोप उडालीय. मागे बसणाऱ्याने नेमकं काय बघायचं? या लाइनमधलं कोणी असेल तर प्लीज सांगा.

नौपाडा_हँगर
मामा, माझं आयुष्य विमानांच्या मेन्टेनन्समध्ये गेलंय. ताईंना आधी हे सांगा की सेसना १७२, १८२, २०६ यांची आता जी मॉडेल्स येतात त्यांची चाकं आत जात नाहीत, खालीच असतात, त्यामुळे चाक उघडलंच नाही ही भीती तिथे नाही. बिघाड असतो तो टायर, ब्रेक आणि पुढच्या स्ट्रटचा, म्हणजे पुढच्या चाकाच्या धक्के झेलणाऱ्या दांड्याचा. आणि हे जमिनीवरच पकडायचं, कारण हवेत चाकावर वजनच नसतं, हवा गेलेला टायरसुद्धा वरून चांगलाच दिसतो. निघायच्या आधी पायलट विमानाभोवती चक्कर मारतो तेव्हा भाच्याने पण त्याच्याबरोबर खाली वाकून बघावं. टायर आणि रिमवर मिळून रंगाची एक छोटी रेघ मारलेली असते, ती तुटून पुढेमागे झाली असेल तर आतली ट्यूब सरकलीय, व्हॉल्व कापला जाऊ शकतो. टायरच्या आतल्या बाजूला लालसर तेलाचा ओघळ दिसला तर ब्रेक लीक. पुढच्या स्ट्रटचा चकचकीत दांडा पार आत बसलेला असेल तर उड्डाण नकोच, नाकावरचा पंखा (प्रोपेलर) जमिनीपासून कमी उंचीवर येतो.

खारघर_उडाण
काका बरोबर बोलतायत. मी धुळ्याला विमान उडवायला शिकलो, तिथे आमच्या सरांनी हे रोज करून घेतलं. एक भर घालतो, टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, मागच्या माणसाला धडधड जाणवली किंवा विमान एका बाजूला ओढतंय वाटलं तर तेव्हाच बोलायचं, पायलटला कळलंच असेल असं धरून गप्प बसायचं नाही.
चाकं आत जाणारं विमान असेल तर गोष्ट वेगळी. शोधताना पॉवर कमी ठेवून हळू उडवतात, मग चाकं वर असल्यामुळे वॉर्निंग हॉर्न सारखा वाजत राहू शकतो आणि कानाला त्याची सवय होते, मला हे सगळ्यात धोकादायक वाटतं. उतरताना चाक खाली येऊन लॉक झाल्याचा हिरवा दिवा लागला नाही तर आधी बल्ब तपासा, बऱ्याच सेसनात हातपंप असतो त्याने चाकं खाली येतात, पण तेवढा वेळ एकाने फक्त विमान उडवायचं. २९ डिसेंबर १९७२ ला ईस्टर्न एअरलाइन्सची फ्लाइट ४०१ फ्लोरिडात पडली ती अशीच, सगळा क्रू पुढच्या चाकाच्या एका बल्बमागे लागला आणि विमान खाली चाललंय हे कोणी बघितलंच नाही, १०१ माणसं गेली.

ऐरोलीकर_मामा
बापरे. पण हवेत गेल्यावर त्याला खिडकीतून चाक दिसतं का?

नौपाडा_हँगर
दिसतं, पंख वर असतात ना. त्याच्या बाजूचं मोठं चाक दिसतं, पुढचं मात्र दिसत नाही. रबर फाटून लोंबतंय का, ब्रेकची नळी सुटलीय का, चाकावरचं कव्हर वाकडं झालंय का, एवढं उतरायच्या आधी बघून पायलटला सांगायचं. थंडीत त्या कव्हरमध्ये चिखल नाहीतर बर्फ गोठून चाक जाम होतं, म्हणून बरेच जण हिवाळ्यात कव्हर काढूनच ठेवतात, त्याला विचारा त्यांच्याकडे काढलीयत का. टॉवरवाले दुर्बिणीतून बघून चाक खाली दिसतंय एवढंच सांगू शकतात, लॉक झालंय की नाही ते नाही. आणि टायर बसलेला असताना उतरले तर रनवेवरच थांबायचं, इंजिन बंद करायचं आणि टॉवरला कळवायचं, ओढत पार्किंगला न्यायचं नाही, रिम आणि ब्रेक दोन्ही जातात.

खारघर_उडाण
मामा, त्या दिवशी निघताना त्या टायरकडे कोणी बघितलं होतं का, तेवढं विचारून इथे टाका ना.